घरातला खटला

गोष्ट एका जिन्यावर सुरू होते. व्हिएन्नातल्या एका नामांकित वकिलाची बायको, इरेने, प्रियकराच्या घरातून बाहेर पडून पायऱ्या उतरू लागते आणि तिचे गुडघे गळतात. हे दर खेपेला होते. वर जाताना थोडी हुरहुर, थोडी मौज. खाली येताना मात्र पोटात गोळा. चेहऱ्यावर जाळी ओढून घ्यायची, रस्त्यावर कुणी ओळखीचे दिसत नाही ना याची खात्री करायची आणि चार पावलांत पुन्हा अब्रूदार घरची बाई होऊन गर्दीत मिसळायचे, हा तिचा क्रम ठरून गेला आहे. त्या दिवशी दाराशीच एक बाई तिला आडवी येते. कपडे साधे, आवाज चढलेला. माझ्या माणसाला माझ्यापासून तोडणारी ती तूच, असा तिचा आरोप. इरेने घाबरून हाताला लागतील तेवढे पैसे तिच्या हातात कोंबते, मिळेल त्या मोटारीत बसते आणि घर गाठते. तिथून पुढे तिला एकही निवांत क्षण मिळत नाही.

श्टेफान झ्वाइगने ही कादंबरिका 1910 मध्ये लिहिली आणि ती 1913 मध्ये छापली गेली. मूळ जर्मन नाव ‘आंग्स्ट’, म्हणजे भय. आकाराने ती लहान आहे. एका संध्याकाळी वाचून होते. या प्रस्तावनेत पुढे तिचा शेवट उघड केला आहे. तो आधी कळू नये असे ज्यांना वाटते त्यांनी हे पान इथेच मिटावे, कादंबरिका वाचावी आणि मग परत यावे. शेवट लपवून या पुस्तकाविषयी काही खरे बोलता येईल असे मला वाटत नाही. हे पुस्तक दोनदा वाचायचे आहे. पहिल्या वाचनात ती एका फसलेल्या बाईची उत्कंठाकथा असते. दुसऱ्या वाचनात तेच प्रसंग, तीच वाक्ये, पण आता आपली नजर नवऱ्यावर खिळते, आणि पहिल्या वेळी जे प्रेमळ वाटले होते त्याने अंगावर काटा येतो.

आधी इरेनेविषयी. तिच्या लग्नाला आठ वर्षे झाली आहेत. दोन मुले आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलांना सांभाळायला बाई आहे, स्वयंपाकाला माणूस आहे, नवरा कर्तबगार आणि सभ्य आहे. तिच्यावर अन्याय झालेला नाही. अशा कथांमध्ये बाईच्या पावलाला समर्थन मिळावे म्हणून लेखक नवऱ्याला दारुडा करतात, म्हातारा करतात, नाहीतर निर्दय तरी करतात. झ्वाइगने ती सोय घेतलेली नाही. प्रियकर एडुआर्ड हा एक तरुण पियानोवादक. एका मेजवानीत ओळख झाली, त्याने तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले, आणि कित्येक वर्षांत कुणी आपल्याकडे असे पाहिले नव्हते हे तिच्या ध्यानात आले. बस, एवढेच. तिचे त्याच्यावर प्रेम नाही. थोड्याच दिवसांत हे प्रकरणही तिच्या आठवड्याच्या वेळापत्रकात बसून जाते. सोय बिघडू नये म्हणून ती ते चालू ठेवते. सुखाने आलेली सुस्ती माणसाला कशी धोक्याच्या तोंडाशी नेते, हे इतक्या सरळपणे लिहिणारे लेखक थोडे.

त्या काळच्या व्हिएन्नाचे चित्र डोळ्यासमोर असले तर तिची भीती नीट कळते. 1910 मध्ये शहराची लोकसंख्या वीस लाखांवर गेली होती. जुनी तटबंदी पाडून उभ्या केलेल्या रिंगश्ट्रासे या रुंद वर्तुळाकार रस्त्यावर ऑपेरा, नाट्यगृह, विद्यापीठ, संसद हे सारे ओळीने उभे होते आणि त्याच रस्त्यावर उच्च मध्यमवर्ग एकमेकांना पाहायला आणि एकमेकांना दिसायला फिरत असे. कोण कुणाबरोबर कुठल्या मिठाईच्या दुकानात बसले होते हे संध्याकाळपर्यंत चार घरांत पोचायचे. झ्वाइग स्वतः याच वर्गातला. 1881 मध्ये व्हिएन्नात जन्मलेला, कापड गिरणीवाल्या श्रीमंत ज्यू घरातला मुलगा. पुढे परागंदा अवस्थेत लिहिलेल्या आत्मकथनात त्याने आपल्या तरुणपणातल्या लैंगिक दांभिकतेवर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. ज्याविषयी कुणी बोलायचे नाही पण जे सगळ्यांना ठाऊक असते, अशा गोष्टींवर त्या समाजाची प्रतिष्ठा उभी होती, असा त्याचा सूर आहे.

कायदाही त्याच बाजूचा. ऑस्ट्रियाच्या 1852 च्या दंडसंहितेत व्यभिचार हा गुन्हा होता, स्त्रीसाठीही आणि पुरुषासाठीही. आणि 1811 पासून चालत आलेल्या नागरी संहितेप्रमाणे कॅथलिक विवाह जोडीदाराच्या मृत्यूखेरीज मोडत नसे. फार तर अंथरूण-पांघरूण वेगळे करण्याची परवानगी मिळे, पण दुसरे लग्न नाही. ही अवस्था 1938 पर्यंत टिकली. नवऱ्याच्या घराबाहेर पडलेल्या बाईला जायला जागा नव्हती, आणि मुले तिच्याकडे राहतील याची शाश्वती तर मुळीच नव्हती. इरेने हे सारे कलमानुसार मांडून विचार करत नाही. तिला फक्त आपले जेवणाचे टेबल, मुलांच्या खोलीतला दिवा, कपाटातली घडी केलेली वस्त्रे दिसू लागतात, आणि हे सगळे एका वाक्यात आपल्या हातून जाऊ शकते हे कळते. गंमत म्हणजे, ज्या घराचा तिला कंटाळा आला होता त्या घराची किंमत तिला भीतीने शिकवली. यातच झ्वाइगचा डाव आहे. पण तो फ्रित्सचाही डाव आहे, आणि तिथेच खरी अडचण सुरू होते.

फ्रित्स म्हणजे तिचा नवरा. तो फौजदारी वकील आहे, बचाव पक्षाचा. त्या बाईची दुसरी गाठ पडते तेव्हा तिला इरेनेचे नावगाव माहीत असते. मग घरी चिठ्ठ्या येऊ लागतात. मग ती स्वतःच दारात उभी राहते. मागणी दर वेळी वाढत जाते. इरेनेच्या हातखर्चाचे पैसे संपतात, उधारीला कारणे सुचेनाशी होतात, आणि अखेर तिच्या बोटातली अंगठी जाते. हा सगळा वेळ फ्रित्स घरातच आहे. तो ओरडत नाही. विचारतो, तब्येत बरी नाही का? काही त्रास आहे का? सांगायचे आहे का काही? प्रत्येक प्रश्नाबरोबर तो एक दार किलकिले करतो आणि इरेने प्रत्येक वेळी त्या दारापर्यंत जाऊन मागे फिरते.

मला या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रसंग मात्र वरवर पाहता या प्रकरणाशी संबंध नसलेला आहे. मुलाला भेट मिळालेला खेळण्यातला घोडा नाहीसा होतो. बहिणीने मत्सरापोटी त्याची वाट लावलेली असते. ती कबूल करत नाही. वडील तिला समोर घेतात. मारत नाहीत, धमकावत नाहीत. अतिशय मऊ आवाजात, एकेक प्रश्न विचारत, तिच्या भोवतीची जागा कमी कमी करत नेतात. मुलगी नाही म्हणते, पुन्हा नाही म्हणते, मग हुंदका फुटतो आणि ती सगळे सांगून टाकते. एक शिक्षा होते, मुलांच्या मेजवानीला जायचे नाही, आणि प्रकरण मिटते. शेजारी इरेने बसली आहे. तिच्या अंगाला घाम सुटला आहे. हे सगळे आपल्यासाठी चालले आहे की काय, ही शंका तिच्या मनाला शिवते आणि ती तिला दूर लोटते.

त्यानंतर नवरा-बायकोत जे बोलणे होते ते सबंध कादंबरिकेचा कणा आहे. फ्रित्स आपल्या वकिलीतला अनुभव सांगतो. आरोपीला सर्वांत जास्त काय छळते? शिक्षा नव्हे. शिक्षा कितीही कडक असली तरी ती ठरलेली असते, तिला काठ असतो. छळते ती आधीची दहशत, पकडले जाण्याची, रोज नव्याने खोटे बोलण्याची. कबुली दिली की माणूस मोकळा होतो हे त्याने कोर्टात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. इरेने हळूच विचारते की भीतीपेक्षाही लाज मोठी नसेल का, परक्यांपुढे नव्हे, सर्वांत जवळच्या माणसापुढे तोंड उघडण्याची लाज? तो थबकतो. हे त्याला सुचलेच नव्हते. एवढ्या हुशार वकिलाच्या ध्यानात ही साधी गोष्ट आलेली नव्हती, आणि ती त्याच्या आरोपीने त्याच्या ध्यानात आणून दिली.

इथे थोडे थांबून त्या काळातल्या आणखी एका घडामोडीकडे पाहायला हवे. 1906 मध्ये झिग्मुंड फ्रॉइडने व्हिएन्ना विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिले होते. विषय होता, न्यायालयात सत्य शोधताना मनोविश्लेषणाचा उपयोग होईल का. आरोपीला एकेक शब्द द्यायचा, त्यावर त्याला चटकन काय सुचते ते टिपायचे, तो कुठे अडखळतो ते पाहायचे आणि त्यावरून त्याच्या मनातले गुपित हेरायचे, या कार्ल युंगने वापरलेल्या पद्धतीची तेव्हा चर्चा होती. फ्रॉइडने विद्यार्थ्यांना सावध केले: गुन्हेगार आपले गुपित दुसऱ्यापासून लपवतो, मनोरुग्ण ते स्वतःपासूनच लपवतो, आणि निरपराध माणूसही अपराध्यासारखा वागू शकतो. झ्वाइग फ्रॉइडचा मोठा चाहता होता. पुढे त्याने त्याच्यावर दीर्घ लेख लिहिला, आणि 1939 मध्ये लंडनला फ्रॉइडच्या अंत्यविधीच्या वेळी तो बोललाही. त्या विशिष्ट व्याख्यानाचा आणि या कथेचा धागा जोडायचा माझा आग्रह नाही. पण मनाला कोपऱ्यात गाठून सत्य वदवून घेता येते ही कल्पना त्या शहराच्या हवेतच होती, आणि ती कल्पना विद्यापीठातून उचलून एखाद्या वकिलाने आपल्या घरात, आपल्या बायकोवर वापरली तर काय होईल, हे झ्वाइगने लिहून दाखवले.

कारण तो धमकावणाऱ्या बाईचा सगळा खेळ फ्रित्सने रचलेला असतो. ती बाई म्हणजे कामाविना बसलेली एक नटी. बायकोच्या प्रकरणाचा त्याला सुगावा लागला होता. तिला घाबरवून परत घराकडे वळवायचे, आणि ती आपणहून कबूल करील तेव्हा तिला क्षमा करायची, असा त्याचा बेत होता. इरेने कबूल करत नाही. ती औषधांच्या दुकानात विष मागायला जाते. शेवटच्या क्षणी तिची बाटली हातात घेणारा हात नवऱ्याचाच असतो.

आता पुन्हा पहिल्या पानापासून वाचा. आजारपणाचा बहाणा करून ती तीन दिवस घरात कोंडून घेते तेव्हा तो काळजीने विचारपूस करतो, आणि त्या काळजीचे कारण त्याला तिच्याइतकेच ठाऊक असते. जेवणाच्या वेळी चिठ्ठी येते आणि तिचे हात थरथरतात, ते तो पाहतो. बोटात अंगठी का नाही, असे विचारताना अंगठी कुठे आहे हे त्याला माहीत असते. मेजवानीत ती भान विसरून नाचते तेव्हा तो कोपऱ्यातून तिच्याकडे बघत असतो. घोड्यावरून झालेली मुलीची ती उलटतपासणी तर त्याने बायकोला दिलेला वस्तुपाठच. त्याने तिला क्षमा करायची तयारी ठेवली होती यात शंका नाही. पण क्षमा करणाऱ्याने आधी आरोप ठेवला, साक्षीदार भाड्याने आणला, कोठडीचा काळ ठरवला, आणि या सगळ्यात आरोपीला आपण खटल्यात उभे आहोत हेसुद्धा सांगितले नाही. घराचे न्यायालय झाले ते असे.

मराठी वाचकाला इथे विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवल्यावाचून राहणार नाही. 1967 च्या त्या नाटकातही खटला खोटाच असतो, वेळ घालवायला मांडलेला. पण लीला बेणारेचे आयुष्य त्यात खरेच उघडे पडते, आणि खेळ खेळणारे मात्र शेवटी सहज उठून कामाला लागतात. तेंडुलकरांच्या पात्रांना आपण क्रूर आहोत याची जाणीव पुसटच आहे. फ्रित्सला तर आपण प्रेम करतो आहोत अशी खात्री आहे. ही खात्री मला अधिक भयंकर वाटते.

विवाहित बाईचे चोरटे प्रेम आणि त्यातून उभा राहणारा धोका, हा विषय झ्वाइगच्या आधीही होता आणि नंतर तर त्याचे पीकच आले. एमिल झोलाच्या ‘तेरेज राकँ’ मध्ये (1867) प्रेमिक मिळून नवऱ्याला नदीत बुडवतात आणि मग मेलेला नवरा त्यांच्यामध्ये झोपायला येतो. जेम्स केनच्या 1934 च्या अमेरिकन कादंबरीतही नवऱ्याचा काटा काढला जातो. क्लोद शाब्रोलच्या 1969 च्या फ्रेंच चित्रपटात नवरा प्रियकराला मारतो. त्यावरून 2002 मध्ये ‘अनफेथफुल’ निघाला, आणि 2004 चा हिंदी ‘मर्डर’ त्याच वाटेने गेला. या साऱ्यांत एक प्रेत लागते. झ्वाइगच्या जवळचा असलाच तर तो त्याच्याच शहरातला आर्तुर श्निट्झलर. त्याच्या 1897 च्या एका कथेत एम्मा नावाची एक विवाहित बाई प्रियकराबरोबर रात्री बग्गीतून शहराबाहेर जाते, बग्गी उलटते, प्रियकर जागीच मरतो, आणि ती त्याला अंधारात टाकून, लोक यायच्या आत, धापा टाकत घरी परतते. घरी कुणालाही काही कळलेले नाही. ती वाचली आहे. आणि तरीही नवऱ्यासमोर बसल्यावर तिच्या लक्षात येते की आता आपण सगळे सांगणार. श्निट्झलरच्या एम्माला कुणी कोंडीत पकडलेले नाही, तिचे सत्य तिच्याच आतून वर येते. म्हणून मला ती कथा या कादंबरिकेपेक्षा काकणभर सरस वाटते. फ्रित्सला जे जमले नाही ते तिथे काहीही न करता घडते.

आपल्याकडे या गोष्टीचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे बी. आर. चोप्रांचा ‘गुमराह’, 1963 चा. तिथेही नवरा वकील आहे, बॅरिस्टर अशोक. तिथेही बायकोला, मीनाला, एक बाई प्रियकराच्या नावाने धमकावू लागते, पैसे उकळते, घरापर्यंत येते. आणि तिथेही शेवटी कळते की ती बाई नवऱ्यानेच पाठवलेली आहे, त्याचीच सेक्रेटरी लीला. चोप्रांनी गोष्टीत जे बदल केले ते बोलके आहेत. मीनाचे प्रेम लग्नाआधीचे आहे. बहीण अपघातात गेल्यावर तिच्या मुलांसाठी ती मेव्हण्याशी लग्न करते, म्हणजे संसार हाच तिचा त्याग. ‘चलो इक बार फिर से’ हे गाणे ज्या प्रसंगात येते त्याचे सगळे दुःख या पूर्वकथेत आहे. इरेनेकडे असे काहीच नाही. ती सुखात होती आणि तरी गेली. मीनावर प्रेक्षकांनी दया करावी याची व्यवस्था चित्रपटाने केली, आणि त्याच हाताने नवऱ्यालाही थोर केले. चित्रपटाची सुरुवात सीता आणि लक्ष्मणरेषेच्या प्रसंगाने होते, त्यामुळे रेषा कुणी आखली हा प्रश्न उरतच नाही. अशोक कुमारांच्या संयत अभिनयामुळे तो नवरा समजूतदारपणाचा पुतळा वाटतो. हा चित्रपट मी प्रेमाने पाहिलेला आहे, त्यातली गाणी आजही ऐकतो. तरीही झ्वाइग वाचल्यानंतर त्या बॅरिस्टरच्या शांत चेहऱ्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

त्याच 1963 साली मुंबईत ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला. ‘गुमराह’ मध्ये प्रियकर झालेला सुनील दत्त इथे नवरा आहे. त्यामागे होते नानावटी प्रकरण. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातल्या एका कमांडरने बायकोच्या प्रियकराला मुंबईत गोळ्या घातल्या. ज्युरीने त्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये ती कायम केली आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्या काळात नवऱ्याला नायक करून टाकले होते. बायकोने साक्ष दिली. ती काय भोगत होती हे विचारायला कुणालाही सवड नव्हती. सगळे भांडण दोन पुरुषांमधले, अब्रूचे आणि मालकीचे.

मालकी हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम 497 मध्ये व्यभिचाराचा गुन्हा परपुरुषाने नवऱ्याविरुद्ध केलेला गुन्हा होता. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बाई आरोपीही नव्हती आणि तक्रारदारही नव्हती. 1985 मध्ये हे कलम सर्वोच्च न्यायालयात टिकले. निकाल देणारे होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, पुण्याचे. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते कलम रद्द केले, आणि त्या पीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. व्यभिचार आजही घटस्फोटाचे कारण आहे आणि ते रास्तच आहे, कारण ज्याचा विश्वास मोडला त्याला बाहेर पडता आले पाहिजे. पण एका प्रौढ माणसाने दुसऱ्या प्रौढ माणसाचा पहारेकरी व्हावे, ही कल्पना कायद्यातून गेली. घराघरांतून ती गेली आहे का, हे वाचकांनी आपापले पाहावे. मोबाइल हातात घेऊन बायकोचे किंवा नवऱ्याचे संदेश चाळणारी माणसे ज्या चांगुलपणाच्या भाषेत स्वतःचे समर्थन करतात, ती भाषा फ्रित्सचीच आहे: मला फक्त तू परत यायला हवी होतीस.

रॉबेर्तो रोसेलिनीला हे नेमके दिसले होते. 1954 मध्ये त्याने इंग्रिड बर्गमनला घेऊन झ्वाइगच्या या कथेवर चित्रपट केला, युद्धानंतरच्या म्युनिकमध्ये. तिथे इरेने कारखाना चालवते आणि नवरा शास्त्रज्ञ आहे, प्रयोगशाळेत प्राण्यांना विष टोचून त्यांच्यावर काय परिणाम होतो ते टिपणारा. ही एकच सुधारणा, पण तिने सगळी कथा उजळून निघते. त्याआधी 1928 आणि 1936 मध्येही यावर चित्रपट झाले होते; रोसेलिनीच्या चित्रपटाची धार निराळी आहे.

झ्वाइगला स्वतःला हे कितपत दिसले होते? यावर माझे मत डळमळते. 1908-09 च्या हिवाळ्यात तो हिंदुस्थानात येऊन गेला होता. काशीवर आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरवर त्याने लेख लिहिले. घरी परतल्यावर पुढच्याच वर्षी ही कादंबरिका झाली. तेव्हा तो तिशीतही पोचला नव्हता आणि अविवाहित होता. 1912 मध्ये फ्रिडेरिके फॉन विंटरनिट्झ या लेखिकेने त्याला पत्र पाठवले. ती विवाहित होती, दोन मुलींची आई. तिच्याशी त्याचे लग्न व्हायला 1920 उजाडले. म्हणजे कथा आधी आणि अनुभव नंतर, हे लक्षात ठेवायला हवे. तरुण झ्वाइग इरेनेविषयी लिहिताना मध्येच उपदेशकासारखा बोलतो. तिच्या सुस्तीवर, पोकळ सुखावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतो. विशेषणांवर विशेषणे चढतात. भीती एकदा अंगावर आली की ती चार उपमांनी पुन्हा पुन्हा येते. या जागी वाचकाने थोडी सबुरी ठेवावी. त्याच सुमाराच्या ‘धगधगते गुपित’ या कथेत, आईच्या प्रेमप्रकरणाचा माग काढणारा मुलगा रंगवताना, तो कितीतरी अधिक आवरलेला आहे.

आणि शेवट. फ्रित्स गुडघे टेकतो, रडतो, तिला जवळ घेतो. दुसऱ्या दिवशी ती जागी होते तेव्हा अंगठी बोटात परत आलेली असते, बाजूच्या खोलीत मुलांचे आवाज असतात, आणि आत जे दुखते आहे ते भरून येणाऱ्या जखमेसारखे आहे असे झ्वाइग सुचवतो. अनेक वाचकांना इथे हायसे वाटते. मला ती अंगठी हातात आली याचा आनंद वाटतो, पण ती कुणाच्या खिशातून आली हे विसरता येत नाही. ज्या माणसाने तिला विषाच्या बाटलीपर्यंत नेले त्याच्याच कुशीत ती झोपते आहे. तिच्याकडे जायला दुसरी जागा नाही हे आपण कायद्याच्या संदर्भात पाहिलेच. ती क्षमा स्वीकारते. त्याला क्षमा करायची की नाही हे तिला कुणीही विचारत नाही. विश्वास तिने मोडला हे खरे, आणि त्या बाबतीत झ्वाइग तिला सूट देत नाही हेही बरोबर आहे. पण या घरात विश्वास मोडणारी माणसे दोन आहेत. त्यांतल्या एकाकडूनच कबुलीजबाब मागितला गेला.

एक पात्र उरते, ज्याच्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही: ती भाड्याची नटी. तिला शेवटपर्यंत खरे नाव मिळत नाही. काम मिळेना म्हणून तिने हे काम घेतले. बाईने बाईला रस्त्यात अडवून शिव्या द्यायच्या, दारात उभे राहून दरडावायचे, बोटातली अंगठी काढून घ्यायची, आणि ज्याने पाठवले तो कायद्याचा माणूस! समोरची बाई पांढरीफटक पडते आहे हे तिने रोज जवळून पाहिले असेल. पहिल्या वाचनात आपण तिचा तिरस्कार करतो, दुसऱ्या वाचनात तिच्याकडे पाहतच नाही, कारण तोवर आपण नवऱ्याच्या मागे लागलेलो असतो. ‘गुमराह’ मध्ये ही भूमिका शशिकलाने केली, सोलापूरच्या जवळकरांच्या घरातली मुलगी, लहानपणीच घर चालवण्यासाठी पडद्यावर आलेली. तिने लीला इतकी तिखट उभी केली की त्या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तिच्या डोळ्यांतला तो आनंद, समोरच्या सुखवस्तू बाईला घाबरताना पाहण्याचा, पटकथेत लिहिलेला असेल असे वाटत नाही. झ्वाइगने त्या नटीला जे दिले नाही, ते तिने दिले. तेव्हा दुसऱ्यांदा वाचताना नवऱ्याबरोबर या बाईवरही नजर ठेवावी. ती पहिल्यांदा जिन्याच्या दाराशी भेटते, आणि तिचे पहिले वाक्य बोलण्याआधी ती क्षणभर इरेनेच्या कपड्यांकडे कशी पाहत असेल, हे प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी ठरवायचे आहे.